वजनाचं ऑपरेशन? आधी गोळ्यांचा डबा उघडा!

जाडी आणि गुडघेदुखी या सख्ख्या जावा. एकीनं घरात पाऊल टाकलं की दुसरी मागोमाग येतेच, आणि मग दोघी मिळून घरच्या बाईला जेरीस आणतात. गुडघे दुखतात म्हणून चालणं सुटतं, चालणं सुटलं म्हणून वजन वाढतं, वजन वाढलं म्हणून गुडघे आणखी दुखतात. घरचं काम मात्र थांबत नाही. सकाळचे डबे, नळाची वेळ, सासूबाईंचं पथ्य, मुलांचे क्लास, सगळं व्हायचंच असतं. मग सकाळच्या चहाबरोबर एक गोळी. दुपारी आणखी एक. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे असले तर आदल्या रात्रीच तिसरी.

अशी पाच-सात वर्षं काढल्यावर कुणीतरी सुचवतं, "अगं, ते वजनाचं ऑपरेशन करून टाक ना! आमच्या वन्संनी केलं. तीस किलो उतरल्या!" मग चौकशी सुरू होते. खर्च किती? टाके किती? किती दिवस पडून राहावं लागतं? केस गळतात का? सगळे प्रश्न रास्तच आहेत. पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि घाईगर्दीत समोरच्याकडूनही तो राहून जातो. तो असा : "मी रोज ज्या दुखण्याच्या गोळ्या घेते, त्या मला ऑपरेशननंतर चालतील का?"

भगिनींनो, या ऑपरेशनचे प्रकार आहेत, आणि तुमच्यासाठी त्यांतला कोणता हे बऱ्याच अंशी या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. एका प्रकारात त्या गोळ्या जपून का होईना, घेता येतात. दुसऱ्यात त्यांना जन्मभर रामराम ठोकावा लागतो. म्हणून सर्जनकडे जाण्याआधी घरातला गोळ्यांचा डबा उघडून बसा, असं सांगण्यासाठी हा लेख.

ऑपरेशन कुणासाठी?

पाच-दहा किलो वाढलेल्यांसाठी हे ऑपरेशन नाही, हे आधी सांगायला हवं. डॉक्टर त्यासाठी बीएमआय नावाचा आकडा काढतात. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं भागायचं आणि आलेल्या उत्तराला पुन्हा उंचीनं भागायचं. पाच फूट उंचीच्या, म्हणजे १.५२ मीटरच्या बाईचं वजन ८५ किलो असेल तर हा आकडा ३७च्या जवळ येतो. १९९१ साली अमेरिकेत ठरलेले निकष तीस वर्षं चालले. त्यांत ४०च्या वर, किंवा सोबत मधुमेहासारखा आजार असेल तर ३५च्या वर, असं होतं. २०२२ साली तिथल्या आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन तज्ज्ञसंघटनांनी ते सैल केले. आता ३५च्या वर आजार असो-नसो ऑपरेशन सुचवता येतं, आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांच्या बाबतीत २७.५पासूनच त्याचा विचार व्हावा असं म्हटलं आहे. कारण आपल्याकडे कमी वजनातच मधुमेह नि रक्तदाब गाठतात.

ऑपरेशन म्हणजे पोट उघडणं नव्हे. चार-पाच लहान छिद्रांतून, दुर्बिणीनं ते होतं. पण आत जे बदलतं ते कायमचं असतं, म्हणून निवड नीट व्हायला हवी.

दोन तऱ्हा, दोन वाटा

पहिली तऱ्हा 'स्लीव्ह'. आपलं जठर एखाद्या पखालीसारखं असतं. स्लीव्हमध्ये त्याचा सुमारे पाऊण भाग उभा कापून काढून टाकतात आणि केळ्याएवढी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. पिशवी लहान झाली, भूक वाढवणारा रस स्रवणारा भागही बराचसा गेला. त्यामुळे चार घासांत पोट भरतं. अन्नाची वाट मात्र तीच राहते. घशातून जठर, जठरातून आतडं. मध्ये नवा जोड कुठेच नाही.

दुसरी तऱ्हा 'बायपास'. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातले डॉक्टर एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली ती सुरू केली, आणि पुढे तिच्यात सुधारणा होत गेल्या. यात जठराच्या वरच्या टोकाला दोन मोठे चमचे मावतील एवढीच पिशवी वेगळी करतात आणि खालचं आतडं वर आणून थेट तिला जोडतात. बाकीचं जठर काढत नाहीत. ते जागच्या जागी राहतं, रस तयार करतं आणि तो खाली आतड्यात सोडतं. अन्न मात्र त्याच्या वाटेला जात नाही. गावाबाहेरून वळणरस्ता काढला की एस. टी. जुन्या बाजारात शिरत नाही, तसंच. आपल्याकडे 'मिनी बायपास'ही पुष्कळ होतात. त्यांत दोनऐवजी एकच जोड असतो. पण पिशवी आणि आतडं यांचा जोड तिथेही आहेच, हे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्या जोडाची आहे.

(जठराला बाहेरून पट्टा आवळण्याची आणखी एक तऱ्हा होती. ती आता फारशी करत नाहीत.)

कल्हईची गोष्ट

चिंचेचं सार पितळेच्या पातेल्यात केलं तर काय होतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको. पातेल्याला कल्हई असेल तर सार बिघडत नाही. कल्हई उडालेली असेल तर कळकतं. आपल्या जठरात चिंचेपेक्षा कितीतरी जहाल आम्ल असतं. पण निसर्गानं जठराला आतून चिकट रसाची कल्हई केलेली आहे, म्हणून ते आम्ल त्याला खात नाही. खालच्या आतड्याला मात्र तशी कल्हई नाही. त्याला आम्लाची सवयच नसते.

बायपासमध्ये नेमकं हेच कल्हई नसलेलं आतडं आम्लाच्या पिशवीला जोडलेलं असतं. त्या जोडावर व्रण होऊ शकतो. त्याला 'मार्जिनल अल्सर' म्हणतात. एरवी शरीर जोडाची डागडुजी करत राहतं. पण सूज उतरवणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या घेतल्या की ही डागडुजी थांबते. दुखणं आणि सूज ज्या द्रव्यामुळे होते तेच द्रव्य पोटात कल्हई करण्याचं काम करतं, आणि या गोळ्या ते द्रव्यच अडवतात. म्हणजे गुडघ्यावर ज्या गुणानं गोळी लागू पडते, त्याच गुणानं ती पोटाला बाधते.

यातून आणखी एक गोष्ट निघते. पुष्कळजणींना वाटतं, गोळी पोटात जाते म्हणून पोट बिघडतं, मग आपण इंजेक्शन घेऊ! पण इंजेक्शनमधलं औषध रक्तातून सगळीकडे पोचतं आणि कल्हईचं काम तिथूनही थांबवतं. गुदद्वारातून ठेवायच्या गोळीचंही तेच. वाट बदलली तरी धोका टळत नाही.

बायपासनंतर व्रण झाला तर पोटाच्या वरच्या भागात जळजळीत दुखतं, खाल्ल्यावर कळ येते, उलट्या होतात. कधी आतल्या आत रक्त जात राहतं आणि पंडुरोगानं बाई थकत जाते. डांबरासारखी काळी शौचाला होते. व्रणाला भोक पडलं तर मग रातोरात ऑपरेशन टेबलावर जावं लागतं. शिवाय मागे राहिलेल्या जुन्या जठरात व्रण झाला, तर तोंडातून घालायची नेहमीची दुर्बीण तिथवर पोचतच नाही. दुखतंय कुठे हे शोधतानाच वेळ जातो. म्हणून बायपास झालेल्या बाईनं या गोळ्या जन्मभर टाळायच्या, असं सर्जन सांगतात.

स्लीव्हमध्ये असा जोड नाही. त्यामुळे ज्यांना या गोळ्यांशिवाय भागणारच नाही, त्यांच्यासाठी बहुतेक सर्जन स्लीव्हकडे झुकतात. पण ही मोकळीक नव्हे, नुसती मुभा आहे. उरलेलं जठर अरुंद असतं, आणि या गोळ्या त्यालाही व्रण करू शकतात. मूत्रपिंडाचाही विचार हवाच. ऑपरेशननंतर पाणी घोटघोटच जातं, अंगातलं पाणी कमी पडतं, आणि अशा वेळी या गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात. तेव्हा स्लीव्हनंतरही कमीतकमी मात्रा, थोडेच दिवस, सोबत आम्ल कमी करणारी गोळी, आणि सगळं सर्जनच्या संमतीनंच.

डब्यातली गोळी ओळखा

आता डबा उघडा. वेष्टनावरचं ठळक नाव सोडा, खालचं बारीक अक्षर वाचा. चष्मा लावा हवं तर! आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, नेप्रॉक्सेन, निमेसुलाइड, मेफेनॅमिक ॲसिड, किटोरोलॅक, पिरॉक्सिकॅम यांपैकी काही दिसलं तर ती वर सांगितलेल्या जातीची गोळी. घराघरांत असणाऱ्या कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन आहे. व्होव्हेरान म्हणजे डायक्लोफेनॅक. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, तीही याच कुळातली. पाळीच्या दुखण्यासाठी आई मुलीला बिनधास्त देते त्या मेफ्टाल-स्पासमध्ये मेफेनॅमिक ॲसिड आहे. "ती काही दुखण्याची गोळी नाही हो, पाळीची आहे," असं म्हणून ती यादीतून वगळू नका.

एटोरिकॉक्सिब आणि सेलेकॉक्सिब या गोळ्या पोटाला थोड्या सौम्य. पण निर्धोक नव्हेत. शिवाय रक्तदाब असणाऱ्यांनी आणि हृदयविकार असणाऱ्यांनी त्यांपासून जपायला हवं.

नुसतं पॅरासिटामॉल मात्र या जातीचं नाही. दोन्ही ऑपरेशनांनंतर दुखण्यासाठी पहिला मान त्याचाच. पण त्यालाही मर्यादा आहे. दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच जायचं नाही, आणि रोजच घ्यायचं असेल तर डॉक्टर त्याहून कमी मात्रा बांधून देतात. जाडीबरोबर यकृतावर चरबी असतेच, म्हणून हे जपणं. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, तापाच्या गोळीत तेच, कंबरदुखीच्या गोळीतही तेच, अशी बेरीज नकळत वाढत जाते. तीही एकदा करून पाहा.

डब्यात आणखी काही सापडेल. ट्रॅमाडॉल ही अफूच्या जातीची गोळी. तिची चटक लागते, म्हणून २०१८ सालापासून ती आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आली आहे. तिनं जोडावर व्रण होत नाही, पण बद्धकोष्ठ होतो, गुंगी येते आणि सवय जडते. घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या लठ्ठ माणसाला तर तिच्यापासून जास्तच जपावं लागतं. नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं प्रिगॅबालिन, झोप लागावी म्हणून दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन, आणि स्टिरॉइड, ही तिन्ही औषधं वजन वाढवू शकतात. आपण ज्या वजनासाठी ऑपरेशनला निघालो, त्यात यांचा वाटा किती, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि हो, कुणी 'वाताच्या पुड्या' आणून दिल्या असतील, बिननावाच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्याही यादीत घाला. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असल्याचं पुष्कळदा उघडकीस आलं आहे. "दोन दिवसांत गुण आला" याचं रहस्य अनेकदा तेच असतं.

चौघींच्या चार गोष्टी

निवड कशी होते ते समजावं म्हणून चार बायका कल्पनेनं समोर उभ्या करू.

पहिली पंचेचाळिशीची. वजन ९८ किलो, गुडघ्यांची झीज, रोज एक-दोन गोळ्या. मधुमेह नाही, छातीत जळजळ नाही. वजन उतरल्यावर तिचं दुखणं बरंच कमी होईल अशी आशा धरायला जागा आहे. पण गुडघा आधीच झिजला आहे, आणि पुढे कधी गोळी लागणारच नाही असं कोण सांगणार? हिला बहुधा स्लीव्ह सुचवतील.

दुसरीला आमवात आहे, ऱ्हुमॅटॉइड. बोटं सुजतात, सकाळी मूठ वळत नाही. हा आजार वजनामुळे आलेला नाही, त्यामुळे वजनाबरोबर जाणारही नाही. भडका उडाला की गोळ्या लागणार, कधी स्टिरॉइड लागणार. स्टिरॉइडनंही जखम भरायला वेळ लागतो. हिच्यासाठी आधी सांध्यांच्या डॉक्टरांकडून मूळ आजार मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी आटोक्यात आणायचा, मग ऑपरेशन. तेही शक्यतो जोड नसलेलं.

तिसरीचा मधुमेह जुना आहे, इन्सुलिन चालू आहे, आणि रात्री आडवं झालं की घशाशी आंबट येतं. कंबर दुखते, पण गोळी महिन्यातून एखादी. हिचं पारडं बायपासकडे झुकतं. मधुमेहावर बायपासचा गुण थोडा जास्त, आणि आंबट येण्यावर तर नक्कीच. स्लीव्हनं उलट ते वाढू शकतं. स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यात आधी जळजळ असलेल्यांपैकी जवळजवळ तीनात एकीला स्लीव्हनंतर ती वाढली. बायपासनंतर वाढणाऱ्यांचं प्रमाण शंभरात सहाच्या आसपास होतं. तेव्हा हिनं त्या महिन्याच्या एका गोळीवर पाणी सोडायचं, आणि पाळीसाठी, दातासाठी, तापासाठी काय घ्यायचं ते आधीच लिहून घ्यायचं.

चौथीची गाठ अवघड. घशाशी आंबट येणं भयंकर, म्हणून स्लीव्ह नको. गोळ्या सुटत नाहीत, म्हणून बायपास नको. अशा वेळी घाई करू नये. आधी दुखण्याचा बंदोबस्त करायचा. गुडघा पार गेला असेल तर सांधेबदल आधी करता येईल का? दुखणं नसेचं असेल तर त्याची वेगळी औषधं चालतील का? व्यायामतज्ज्ञाची मदत, गुडघ्यात द्यायचं इंजेक्शन यांनी गोळी सुटते का? सुटली तर बायपासची वाट मोकळी. नाही सुटली तर आता वजन उतरवणारी आठवड्याची इंजेक्शनंही आली आहेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सेमाग्लुटाइड या इंजेक्शननं लठ्ठ माणसांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १३.७ टक्के उतरलं आणि गुडघेदुखीही स्पष्ट कमी झाली. २०२५पासून ही इंजेक्शनं वजनासाठी म्हणून आपल्याकडेही मिळतात. ती महाग आहेत, थांबवली की वजन परत चढू लागतं, आणि डॉक्टरांशिवाय घ्यायची नाहीत. पण चौथीसाठी तो एक मार्ग आहे.

वजन उतरलं की दुखणं जातंच का?

गुडघ्याच्या बाबतीत आशा खरी आहे. चालताना वजन एक किलो कमी झालं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात २००५ साली मोजून दाखवलं आहे. ऑस्ट्रेलियात गुडघेबदलाची वाट पाहणाऱ्या ४१ जणांवर आधी वजनाचं ऑपरेशन केलं, पट्ट्याचं. त्यांतल्या १२ जणांना मग गुडघेबदल नकोसाच वाटला, इतका आराम पडला. २०२२ साली हे प्रसिद्ध झालं.

पण दुसरी बाजूही ऐकून ठेवा. अमेरिकेतल्याच २०१३च्या एका मोठ्या पाहणीत, अफूच्या जातीच्या गोळ्या कायम घेणारी जी माणसं या ऑपरेशनला गेली, त्यांतली ७७ टक्के ऑपरेशननंतरच्या वर्षातही त्या घेतच होती. वजन उतरलं, पण गोळी उतरली नाही. पाठीच्या मणक्याचं, नसांचं, आमवाताचं दुखणं तराजूकडे पाहून कमी होत नाही. म्हणून "वजन उतरलं की गोळ्या आपोआप सुटतील, तोवर बायपास करून घेऊ," हा हिशेब धोक्याचा आहे. गोळी आधी सोडून पाहा. दोन-तीन महिने तिच्याशिवाय संसार चालतो का ते अनुभवा. चालला, तर मग दोन्ही वाटा तुमच्या आहेत.

मात्र ट्रॅमाडॉल, स्टिरॉइड आणि हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिनची लहान गोळी या आपल्या मनानं एकदम बंद करू नका. त्या कशा कमी करायच्या किंवा चालूच ठेवायच्या, ते ज्यांनी दिल्या त्यांनाच विचारून ठरवायचं.

ऑपरेशनच्या आधी

तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहून घेतात. वर्षानुवर्षं गोळ्या खाल्लेल्या बाईनं ही तपासणी टाळू नये. आत व्रण असेल तर आधी तो भरायला हवा. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आपल्याकडे पुष्कळांच्या पोटात असतो आणि तोही व्रण करतो. तो सापडला तर औषधांनी आधी घालवतात.

आणि एक नाजूक गोष्ट. तंबाखू. "मी कुठे तंबाखू खाते? मशेरी लावते फक्त!" असं सांगणाऱ्या बायका आपल्याकडे काही कमी नाहीत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. जोडाला रक्त कमी पोचवून व्रण करणाऱ्या कारणांत तंबाखूचा नंबर फार वरचा आहे. मिस्टरांसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांना एकटं गाठून सांगा, पण सांगा. आणि सोडा.

विम्याचंही पाहून घ्या. विमा नियामकानं २०१९ साली ठरवलेल्या नियमांत, डॉक्टरांच्या सल्ल्यानं होणारं हे ऑपरेशन बीएमआय ४०च्या वर असेल, किंवा ३५च्या वर असून सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकणं, आटोक्यात न येणारा मधुमेह असं काही गंभीर असेल, तर वगळता येत नाही. पण प्रतीक्षेचा काळ पॉलिसीगणिक वेगळा असतो.

नंतर, घरात

पहिले काही आठवडे गोळ्या कुटून किंवा पातळ औषधाच्या रूपात घ्यायला सांगतात. पण दिसेल ती गोळी खलबत्त्यात घालू नका! नावापुढे 'एसआर', 'एक्सआर' किंवा 'ईआर' असेल तर ती दिवसभर हळूहळू विरघळणारी असते. कुटली तर सगळी मात्रा एकदम अंगात जाते. ट्रॅमाडॉलच्या बाबतीत तर हे फार धोक्याचं. आणि न कुटता घेतली तरी बायपासनंतर अशी गोळी पुरती विरघळायच्या आत पुढे निघून जाऊ शकते. म्हणून चालू औषधांची रूपं आधीच बदलून घ्यावी लागतात.

दुखऱ्या गुडघ्यावर चोळायचं जेल चालतं का, असं पुष्कळजणी विचारतात. त्यातलं औषध गोळीच्या मानानं फारच थोडं रक्तात उतरतं, म्हणून बरेच सर्जन ते थोड्या जागेपुरतं चालू देतात. विचारून लावा. शेकाची पिशवी, मांडीचे स्नायू घट्ट करणारे व्यायाम, ओट्याशी उभ्यानं काम, शौचाला कमोड, जमिनीवरची मांडी बंद, या साध्या उपायांनी गोळीची गरज खरोखर कमी होते.

लोह, कॅल्शियम, बी-१२, 'ड' जीवनसत्त्व हे मात्र कायमचे सोबती. पाळी चालू असलेल्या बाईनं लोहात कुचराई करू नये. लोहाच्या गोळीनंही शौचाला काळसर होते, हे खरं. पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची झाली आणि गरगरलं, तर "लोहामुळे असेल" म्हणून बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खरी परीक्षा होते ती पाच-सहा वर्षांनी. ऑपरेशन विसरायला झालेलं असतं. दाढ काढायला जाता, दंतवैद्य सवयीनं डायक्लोफेनॅक लिहून देतो. चिकुनगुनिया येतो, सांधे महिनोन् महिने धरतात, गल्लीतले डॉक्टर इंजेक्शन भरतात. मेडिकलवाला तर चिठ्ठीशिवायही पुडी हातावर ठेवतो. कुणाचाच हेतू वाईट नसतो, फक्त तुमच्या पोटात काय बदललं आहे ते त्यांना माहीत नसतं. म्हणून पर्समध्ये एक चिठ्ठी कायम ठेवा : कोणतं ऑपरेशन, कोणत्या वर्षी, कोणत्या गोळ्या चालत नाहीत. तशीच एक घरच्यांच्या मोबाइलमध्येही असू द्या. आपण बेशुद्ध असलो तर बोलणार कोण?

सर्जनना विचारायचे प्रश्न

हे कागदावर उतरवून, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांसह घेऊन जा.

१. माझ्या या गोळ्यांपैकी कोणत्या ऑपरेशननंतर कायमच्या बंद? कोणत्या चालू?

२. माझं दुखणं वजनामुळे आहे की स्वतंत्र? वजन उतरल्यावर किती कमी होईल असं तुम्हाला वाटतं?

३. तुम्ही मला हेच ऑपरेशन का सुचवता? दुसरं का नाही?

४. मला आंबट येतं, मधुमेह आहे, मशेरीची सवय आहे. यानं निवड बदलते का?

५. पाळी, दात, ताप, डोकेदुखी यांसाठी घरात कोणती गोळी ठेवू?

६. आम्ल कमी करणारी गोळी किती महिने घ्यायची?

७. दुखणं फारच वाढलं तर फोन कुणाला करायचा, तुम्हाला की सांध्यांच्या डॉक्टरांना?

शेवटचा प्रश्न साधा वाटेल, पण सगळ्यांत उपयोगी तोच. वजनाचा डॉक्टर वेगळा, हाडांचा वेगळा, मधुमेहाचा वेगळा, आणि एकानं काय लिहिलं ते दुसऱ्याला ठाऊक नाही, असं आपल्याकडे सर्रास होतं. या सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकत्र पाहणारी व्यक्ती एकच असते, ती म्हणजे आपण स्वतः. किराण्याची यादी करताना आपण तिखटमीठसुद्धा विसरत नाही. तेवढ्याच काळजीनं ही यादी करा. मैत्रिणीला कोणत्या ऑपरेशनचा गुण आला ते ऐकून घ्या, तिचं कौतुकही करा, पण तिच्या डब्यातल्या गोळ्या आणि तुमच्या डब्यातल्या गोळ्या एक नाहीत, हे लक्षात ठेवूनच आपलं आपण ठरवा.